स्टेन्सिलची छपाई घरी करायची आहे? खर्चाचा पूर्ण हिशेब

स्टेन्सिल कापून घरच्या टेबलावर छपाई सुरू करायला तुम्हाला साधारण अकराशे रुपये पुरतात. यंत्र लागत नाही आणि आयात केलेला संचही लागत नाही. तरीही पहिल्याच महिन्यात अनेकांचे चार-पाच हजार जातात. कारण तयार किट घेतले जाते, लेझरवाल्याकडे कच्ची फाइल जाते आणि कागदाचा हिशेब कोणी मांडत नाही. हे पैसे वाचवता येतात.

खालचे दर बजेट बांधण्यापुरते आहेत. शहर, ब्रँड आणि दुकानाप्रमाणे त्यात फरक पडेल. खरेदीआधी दोन ठिकाणी चौकशी कराच.

पहिल्या दिवशी काय घ्यायचे

साधा पेपर कटर ५० रुपये. बारीक वळणांसाठी मेडिकलमधून ११ नंबरचे सर्जिकल ब्लेड आणि त्याला बसणारे ३ नंबरचे हँडल घ्या. हँडल आणि पाच ब्लेड मिळून १२० रुपये धरा. ए-फोर कटिंग मॅट २५० रुपये. ओएचपी शीट सुट्या घेतल्या तर १० ते १५ रुपयांना एक, दहा शीटचे १२०. मास्किंग टेप ५०. दोन स्पंज आणि एक छोटा फोम रोलर मिळून ८०. ॲक्रिलिक रंगाच्या १५ मिलीच्या पाच बाटल्या: लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा, मिळून २००. ३०० जीएसएमचे दोन मोठे ताव २४०. बेरीज १११० रुपये.

मॅट नको असेल तर काचवाल्याकडून काचेचा तुकडा घ्या आणि चारही कडांना जाड टेप लावा. मॅटचे अडीचशे रुपये वाचतात. मात्र काचेवर ब्लेड लवकर बोथट होते, तेव्हा ब्लेड दोन जास्त आणा. बोथट ब्लेडने शीट फाटते आणि हात घसरून बोट कापते. वापरलेली ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नका. जुन्या डब्यात साठवा, डबा टेपने बंद करा आणि मगच द्या.

कुठे जायचे, केव्हा जायचे

पुण्यात कागद आणि रंगांसाठी अप्पा बळवंत चौक. रोलर, टेप, प्लास्टिक शीट, डबे यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. रांगोळीचे तयार छापे तुळशीबागेत. हातकागद हवा असेल तर शिवाजीनगरची हातकागद संस्था. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि त्याला लागून असलेली अब्दुल रहमान स्ट्रीट. लहान गावात असाल तर ओएचपी शीट झेरॉक्सच्या दुकानात, ब्लेड मेडिकलमध्ये आणि रंग स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. फक्त जाड कागद शहरातून मागवावा लागेल.

रविवार टाळा, घाऊक माल विकणारी बरीच दुकाने बंद असतात. जूनचा पहिला पंधरवडा टाळा, शाळेच्या गर्दीत तुम्हाला कोणी सुटा ताव दाखवणार नाही. रांगोळीचे छापे दिवाळीच्या आधी सर्वांत जास्त प्रकारांत मिळतात. तेव्हा दहा-वीस रुपयांना मिळणारा प्लास्टिकचा छापा पोत आणि पार्श्वभूमीसाठी उत्तम चालतो. जाळीचा छापा मात्र ॲक्रिलिकसाठी घेऊ नका. रंग जाळीत सुकला की छापा गेला.

कागद: सर्वांत जास्त पैसा इथे जातो

मोठा ताव २२ × ३० इंचांचा असतो. त्यातून ए-फोर तुकडे कसेही बसवले तरी जास्तीत जास्त पाच निघतात, बाकी कातरण. तोच ताव साडेसात × अकरा इंचांत कापला तर आठ तुकडे निघतात आणि काहीच वाया जात नाही. १२० रुपयांच्या तावाचा ए-फोर तुकडा २४ रुपयांना पडतो, साडेसात × अकराचा १५ रुपयांना. हे माप ए-फोरच्या तयार फ्रेममध्ये मागे रंगीत कागद लावून नीट बसते. स्टेन्सिल कापण्याआधी माप ठरवा. नंतर ठरवाल तर चित्र कापावे लागेल.

सरावाला कार्ट्रिज पेपर पुरतो. थरावर थर द्यायचे असतील, कोलाज चिकटवायचे असेल, तर ३०० जीएसएमच्या खाली जाऊ नका, कागद वाकतो. हातकागदाचा पोत सुंदर असतो, पण खडबडीत बाजूवर स्टेन्सिल टेकत नाही आणि रंग कडेखाली झिरपतो. दुकानात दोन्ही बाजूंवर बोट फिरवून पाहा, गुळगुळीत बाजू छपाईला ठेवा. दुकानदार ताव गुंडाळी करून देईल. सपाट पाठवायचा असेल तर पुठ्ठ्यात बांधून मागा. कुरिअरने येणाऱ्या सपाट पार्सलला जास्त भाडे लागते, ते आधी विचारा.

स्टेन्सिल कापायचे तीन मार्ग

*हाताने.* खर्च शीटचा, म्हणजे १०–१५ रुपये. ए-फोरवरच्या मध्यम नक्षीला दीड-दोन तास लागतात. ओएचपी शीट साधारण १०० मायक्रॉनची असते आणि हातकामाला ती योग्य. १७५ मायक्रॉनच्या पुढची शीट टिकते जास्त, पण कापताना हात दुखतो. जुनी एक्स-रे फिल्म चालते. मात्र तिच्यावरचा काळा थर ब्लीचने घरी धुऊ नका, ते पाणी मोरीत जाते आणि त्यात चांदीचे क्षार असतात. काळी फिल्म तशीच कापा, नक्षी पांढऱ्या पेनने काढा.

*रेडियमवाल्याकडे.* गाड्यांवर नावे लावणाऱ्या दुकानात कटिंग प्लॉटर असतो. सरळ अक्षरे आणि सुटसुटीत आकृती तिथे ५० ते १५० रुपयांत कापून मिळते. हे स्टिकर चिकटते, त्यामुळे कडा अगदी स्वच्छ येतात. मात्र ते एकदा, फार तर दोनदा वापरता येते. एकाच मोठ्या चित्रासाठी, पाटीसाठी, भिंतीसाठी घ्या. वीस प्रती काढायच्या असतील तर नको.

*लेझरने.* दर मिनिटावर असतो, साधारण १० ते २० रुपये मिनिट. पण जवळजवळ सगळीकडे किमान बिल असते, बहुधा दोनशे ते पाचशे. पाच मिनिटांच्या कामालाही तेच. म्हणून एक स्टेन्सिल घेऊन जाऊ नका. चार-सहा नक्षी एकाच शीटवर बसवून न्या.

लेझरच्या बिलात लपलेले आकडे

ऑर्डर देण्याआधी हे प्रश्न विचारा. किमान बिल किती? जीएसटी धरून की वगळून? शीट तुमची की माझी? फाइल दुरुस्तीचे वेगळे किती? नमुना तुकडा बिलात धरणार का?

फाइल दुरुस्ती हा सर्वांत मोठा छुपा खर्च. एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा यंत्र दोनदा कापते आणि मिनिटे दुप्पट लागतात. म्हणून फाइल देण्याआधी दुहेरी रेषा काढून टाका. मराठी अक्षरे असतील तर ती आधी वळणांत बदला, म्हणजे कोरलड्रॉमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्हज’ करा. नाहीतर तुमचा फाँट त्यांच्या संगणकावर नसतो, जोडाक्षरे फुटतात आणि अक्षरे पुन्हा बसवण्याचे पैसे तुमच्याकडून जातात.

पीव्हीसी, फ्लेक्स किंवा व्हिनाइलची शीट लेझरला नेऊ नका. तापल्यावर तिच्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, तो माणसालाही घातक आणि यंत्रालाही. जबाबदार दुकानदार ती परत करेल. कोणी कापून द्यायला तयार झालाच, तर तुम्ही ते दुकान बदला.

देवनागरी अक्षरांचे स्टेन्सिल: पूल विसरू नका

स्टेन्सिलमध्ये बंद आकाराच्या आतला तुकडा गळून पडतो. तो धरून ठेवायला मध्ये पट्टी ठेवावी लागते, तिला पूल म्हणतात. देवनागरीत हे प्रकरण वाटते त्यापेक्षा मोठे आहे. व आणि ब यांच्या गाठी बंद असतात हे सगळ्यांना दिसते. पण शिरोरेषेमुळे प, ष, ण, म यांच्यातही बंद खिसा तयार होतो. ‘पुणे’ हा दोन अक्षरांचा शब्द कापाल, तर प आणि ण दोन्हींच्या पोटातला तुकडा खाली पडेल.

उपाय दोन. शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर दोन-तीन मिलिमीटर तोडा, किंवा सरळ काढून टाका. खिसे उघडतात आणि पूल कमी लागतात. व आणि ब यांच्या गाठीला मात्र पूल द्यावाच लागतो. अनुस्वार हे स्वतंत्र भोक असल्यामुळे त्याला काही करावे लागत नाही. पूल दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, तिसऱ्या प्रतीला तुटतो. तुटलाच तर दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप लावा आणि भोकाची कड पुन्हा कापा. नवी शीट लागत नाही.

रंग: स्वस्त कुठे चालतो, कुठे नाही

सरावाला आणि कोलाजच्या खालच्या थराला हस्तकलेचे छोट्या बाटलीतले ॲक्रिलिक पुरते. विकायच्या किंवा भेट द्यायच्या कामात वरचा थर तरी आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूबचा द्या. त्यात रंगद्रव्य जास्त असते आणि लेबलवर टिकाऊपणाची खूण असते.

कॅनव्हास किंवा पुठ्ठ्यावर पहिला थर देण्यासाठी जेसो महाग वाटत असेल, तर सरावाला भिंतीचा पांढरा इमल्शन चालतो. उठावदार नक्षीसाठी मॉडेलिंग पेस्टच्या २०० मिली डब्याला तीन-चारशे रुपये पडतात. ॲक्रिलिक वॉल पुट्टीत फेविकॉल मिसळून तेच काम एमडीएफवर किंवा कॅनव्हास बोर्डवर होते. कागदावर मात्र ती तडकते.

कापडावर छापणार असाल तर फॅब्रिक कलरच घ्या, किंवा ॲक्रिलिकमध्ये फॅब्रिक मीडियम मिसळा. कापड आधी धुऊन खळ काढा. छपाईनंतर बाटलीवर लिहिले असेल तितके वाळू द्या आणि मग उलट बाजूने इस्त्री करा. ही पायरी चुकली तर पहिल्याच धुण्यात रंग जातो.

स्प्रे कॅन २०० ते ३५० रुपयांना पडतो. घरात मारू नका. गच्चीवर मारा, तेही वारा पाठीशी घेऊन. एन-९५ मास्क फक्त कण अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो, तो खर्च स्प्रेच्या बजेटमध्येच धरा. ज्वलनशील स्प्रे विमानाच्या सामानात नेता येत नाही. परगावी काम असेल तर तिथेच विकत घ्या.

प्रती वाया जाऊ नयेत म्हणून

वाया गेलेली प्रत म्हणजे कागदाचे पंधरा रुपये. बहुतेक प्रती एकाच कारणाने बिघडतात: रंग जास्त आणि पातळ. रंगात पाणी घालू नका. स्पंज रंगात टेकवा, रद्दी कागदावर चार वेळा टिपा, तो जवळजवळ कोरडा झाला की मगच स्टेन्सिलवर उभा टेकवा. घासू नका. भरायला कडेपासून आत या. गडद रंग हवा असेल तर दोन हलके थर द्या.

दोन रंगांची दोन स्टेन्सिल असतील तर टेबलावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा काटकोन टेपने चिकटवा. प्रत्येक कागद त्याच कोनात टेकवायचा आणि स्टेन्सिल वरच्या कडेला टेपच्या बिजागरीवर बसवायचे. जागा चुकत नाही.

पहिला रंग उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटांत हाताला कोरडा लागतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तासभर धरा. प्रती एकावर एक ठेवायच्या तर दुसऱ्या दिवशी, आणि मध्ये बटर पेपर घालून. काम संपताच स्टेन्सिल ओल्या फडक्याने पुसा. सुकलेले ॲक्रिलिक खरवडताना पूल तुटतात.

जेल प्लेट: विकत की घरची?

मिक्स्ड मीडियात स्टेन्सिलसोबत जेल प्लेटही वापरतात. लवचीक प्लेटवर रंग रोलरने पसरवायचा, त्यावर स्टेन्सिल ठेवायचे, कागद दाबून छाप उचलायचा. आयात केलेली ८ × १० इंचांची प्लेट अडीच ते चार हजारांना पडते.

घरी करायची तर ५५–६० ग्रॅम जिलेटिन, ३५० मिली ग्लिसरीन आणि ३५० मिली पाणी. निम्म्या ग्लिसरीनमध्ये जिलेटिन गुठळ्या न करता मिसळा, उरलेले ग्लिसरीन आणि उकळते पाणी घाला, हळू ढवळा आणि फेस कागदाच्या पट्टीने ओढून काढून सपाट ट्रेमध्ये ओता. चार-पाच तासांत प्लेट बसते. ग्लिसरीन औषधांच्या दुकानातल्या छोट्या बाटल्यांमधून घेतले तर महाग पडते. केमिकल विकणाऱ्याकडे किलोने घ्या. एकूण खर्च चारशे ते सहाशे. प्लेट खराब झाली की वितळवून पुन्हा ओता.

शाकाहारी वाचकांनी लक्षात घ्या, जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. त्याऐवजी अगर-अगर वापरले तर प्लेट लवकर तडकते. जिलेटिन नको असेल तर सिंथेटिक प्लेट घ्या, आणि घेताना लेबलवर तसे लिहिले आहे का ते पाहा.

स्क्रीन केव्हा परवडते?

एकाच चित्राच्या चाळीस-पन्नासपेक्षा जास्त प्रती हव्या असतील तेव्हा. जाळी लावलेली लाकडी फ्रेम ४०० ते ७००, स्क्विजी १५० ते ३००. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे एक्स्पोजिंग, म्हणजे प्रकाशाने जाळीवर नक्षी उतरवणे, करून मिळते. प्रत्येक नव्या चित्राला ते शुल्क पुन्हा द्यावे लागते, शिवाय पॉझिटिव्ह फिल्मचे वेगळे. भाव ठरवताना ‘फिल्मसकट किती?’ असेच विचारा. जाळी सांगताना कापडासाठी की कागदासाठी ते सांगा. कापडाला उघडी जाळी लागते, कागदाला दाट.

यातली पळवाट म्हणजे एक्स्पोजिंगच टाळणे. बटर पेपर कापून स्क्रीनच्या खाली लावा. पहिल्या ओढीत शाईने तो जाळीला चिकटतो आणि त्यावर काही डझन प्रती निघतात. एक्स्पोजिंगसाठी जाळीवर लावायचे प्रकाशसंवेदी इमल्शन घरी करणार असाल, तर बाजारात सुटे मिळणारे बायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा. त्यापेक्षा एक्स्पोजिंग बाहेर द्या.

वीस प्रतींचा हिशेब

दोन रंग, साडेसात × अकरा इंच, वीस चांगल्या प्रती. तीन ताव ३६०, त्यातून २४ तुकडे, म्हणजे चार बिघडायला मोकळे. दोन ओएचपी शीट ३०. रंग ८०. ब्लेड, टेप, स्पंज यांचा वाटा ४०. एकूण ५१० रुपये. प्रत साडेपंचवीस रुपयांना.

तीच दोन स्टेन्सिल लेझरने पाचशे रुपयांत कापून घेतली तर एकूण ९८० आणि प्रत ४९ रुपयांना. खर्च जवळजवळ दुप्पट. शंभर प्रती काढल्या तर कापणीचा भार प्रतीमागे पाच रुपयांवर येतो. म्हणून नियम सोपा आहे: कमी प्रती हाताने, जास्त प्रती लेझरने.

वेळही मोजा. कापणी चार तास, छपाई तीन तास, वाळवणे एक दिवस. विकणार असाल तर तुमच्या सात तासांची मजुरी किमतीत धरा. पॅकिंगचा पुठ्ठा आणि कुरिअरही धरा.

कागदपत्रे आणि हक्क

विकत घेतलेल्या तयार स्टेन्सिलची नक्षी दुसऱ्याची असते. घरच्या वापराला अडचण नाही. विकायच्या कामात वापरायची असेल तर परवानगीबद्दलची उत्पादकाची अट वाचा. दुसऱ्याचे छायाचित्र किंवा चित्र पाहून स्टेन्सिल कापले तरी मूळ हक्क त्याचाच. भारतात हा हक्क कलावंताच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. स्टेन्सिलने छापलेला नमुना ‘अस्सल वारली चित्र’ म्हणून विकू नका.

तुमच्या स्वतःच्या नक्षीवर तुमचा हक्क नोंदणीशिवायही असतो. नोंदणी ऐच्छिक आहे. चित्रकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, मालावर किंवा वेष्टनावर वापरायची असेल तर २००० रुपये आणि सोबत ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध-दाखला. अर्ज ऑनलाइन करता येतो. हरकतींसाठी किमान ३० दिवस जातात. एजंट हजारो रुपये मागतात. साध्या चित्रकृतीसाठी एजंटची गरज नाही. तारखेसह मूळ रेखाटने, कापलेली स्टेन्सिल आणि पहिली प्रत जपून ठेवा, वाद झाला तर तोच पुरावा.

फसवणूक टाळा

छापील किमतीत सर्व कर आलेले असतात. त्यावर वेगळा जीएसटी लावला तर देऊ नका. रंगाच्या बाटलीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहा, ट्यूब दाबून पाहा. आत रबरासारखी लागली तर घेऊ नका. ऑनलाइन घेतलेला रंग उघडल्यावर बहुधा परत घेत नाहीत, म्हणून पार्सल उघडतानाच चित्रफीत काढा. कार्यशाळेला जाणार असाल तर फीमध्ये साहित्य धरले आहे का, आणि उरलेले साहित्य घरी नेता येईल का, हे लेखी विचारा. पक्के बिल घ्या. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

दीड-तीन हजारांचे किट, कटिंग मशीन, आयात स्टेन्सिल यांपैकी काहीही पहिल्या वीस प्रती निघेपर्यंत घेऊ नका. तोपर्यंत पैसे दोनच गोष्टींवर खर्च करा: चांगला कागद आणि नवे ब्लेड.